नाल्याकाठचा एसी आणि साडेआठशे ग्रॅम गॅस

आमच्या घरात तीन एसी आहेत आणि तिघांचे गॅस वेगळे. बाबांच्या खोलीतला जुना विंडो आर-२२ वर चालतो, आमच्या खोलीतला स्प्लिट आर-३२ वर आणि गाडीचा आर-१३४ए वर. (बैठकीत अजून कूलरच आहे. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पहिला पाऊस पडला की मात्र तोच कूलर नुसता घाम आणतो.) गेल्या उन्हाळ्यात स्प्लिटचा गॅस गेला आणि त्याच्या मागोमाग गाडीचाही. दोन्ही दुरुस्त्या मी शेजारी उभी राहून पाहिल्या. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रश्न विचारायची खोड आहे. त्या खोडीचा एकदा तरी घरात उपयोग झाला.

एप्रिलच्या मध्यात स्प्लिट चालायचा, पण खोली थंड व्हायला तास-दीड तास लागायचा. फिल्टर धुऊन झाले, काही फरक नाही. गच्चीवर जाऊन आउटडोअर पाहिलं तर बारीक नळीच्या तोंडाशी पांढरं बर्फ जमलेलं. बाहेर त्रेचाळीस अंश आणि नळीवर बर्फ! अशा स्प्लिटमध्ये गॅसचा दाब उतरवणारा व्हॉल्व्ह बहुधा आउटडोअरमध्येच असतो. गॅस कमी झाला की दाब नको तितका खाली येतो, उरलेला द्रव तिथल्या तिथेच उकळायला लागतो आणि नळी गोठते. आतल्या कॉइलपर्यंत पोचतो तो थंडावा संपलेला गॅस. म्हणून बर्फ दिसलं की लोकांना वाटतं मशीन फार थंड करतंय, आणि असतं उलट.

पहिला मेकॅनिक आला तो खांद्यावर गेज आणि हातात गॅसची टाकी घेऊनच. गेज लावला. काटा साठ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप). "ताई, गॅस कमी आहे. भरून देतो. अडीच हजार होतील."

"गेला कुठून?"

"ते तर होतच असते जी. दोन-तीन सीझन झाले की उडून जाते."

इथेच मी त्याला थांबवलं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. आत खोलीची उष्णता घेऊन उकळतो, बाहेर ती टाकून पुन्हा द्रव होतो. बाबांचा विंडो पंधराहून अधिक उन्हाळे चालला आहे, त्यात कधी गॅस भरलेला नाही; त्याच्या सगळ्या नळ्या कारखान्यात डाग देऊन कायमच्या जोडलेल्या, नटबोल्टचा सांधाच नाही. तेव्हा गॅस कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी भोक आहे. ते न शोधता वरून भरणं म्हणजे अडीच हजार रुपये हवेत सोडणं. त्याला व्हिजिटचे पैसे दिले आणि निरोप दिला. बिचारा चिडला नाही, पण पायऱ्या उतरताना "इतकं कोणी विचारत नाही" एवढं म्हणालाच. ते खरंच असणार. आणि कोणी विचारत नाही म्हणूनच हा धंदा असा चालतो.

दुसरे आले ते वयस्कर काका. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेले, आता मुलासोबत काम करतात. फोनवर त्यांना मी एवढंच विचारलं होतं, की नायट्रोजन, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा घेऊन याल का. ते हसले. "येतो ना ताई. पण एका दिवसात होणार नाही, सांगून राहिलो."

त्यांनी आधी आउटडोअरच्या कडेची पाटी वाचली. गॅस आर-३२, वजन ०.८५ किलो. मग उरलेला गॅस काढायचा प्रश्न आला. मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून सुचवलं की पंप डाऊन करा, म्हणजे सगळा गॅस कंप्रेसरने आउटडोअरमध्ये ओढून घ्या. काकांनी हात वर केला. "लीक असताना पंप डाऊन नाही करायचा. फुटलेल्या जागेतून हवा ओढली जाते. हवा आणि तेल कंप्रेसरमध्ये दाबलं की डिझेल इंजिनासारखा भडका होतो. बाँबच आहे तो." पुढे त्याच दमात म्हणाले, की काही पोरं नायट्रोजन महाग पडतो म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन लावून लीक तपासतात. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की काय होतं हे मला रसायनशास्त्राच्या बाईला सांगायची गरज नव्हती. ऐकूनच पोटात गोळा आला.

उरलेला गॅस त्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात, मोकळ्या हवेत, हळूहळू सोडला. आर-३२ थोडा ज्वालाग्राही आहे, त्यामुळे आधी खालच्या मजल्यावरच्या काकूंना अगरबत्ती गच्चीवर आणू नका असं सांगून आले. गॅस परत गोळा करून घेणारं रिकव्हरी मशीन त्यांच्याकडे नव्हतं. मला ते आवडलं नाही आणि तसं मी म्हटलंही. "मशीन घेतलं तर त्याचं भाडं मला कोण देऊन राहिलं?" काका म्हणाले. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हिशेब मात्र करून ठेवला. शंभर वर्षांच्या मोजणीत एक किलो आर-३२ हवेत जाणं म्हणजे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं आहे. आमच्या एसीतले ८५० ग्रॅम पूर्ण गळले असं धरलं तर पावणेसहाशे किलो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो निघतो, म्हणजे अडीचशे लिटर पेट्रोल. माझी गाडी काही महिने चालेल. आणि हा त्यातल्या त्यात बरा गॅस. आधीच्या पिढीतल्या स्प्लिटमधला आर-४१०ए हाच आकडा २०८८ वर नेतो.

या आकड्यांच्या नावांमागे एक साधी युक्ती आहे आणि ती मी अकरावीला दरवर्षी सांगते. शेवटचा अंक फ्लोरीनचे अणू, मधल्या अंकातून एक वजा केला की हायड्रोजन, पहिल्यात एक मिळवला की कार्बन. पहिला अंक नसेल तर तो शून्य धरायचा. कार्बनच्या उरलेल्या जागा क्लोरीनच्या. आर-१२ काढून पाहा: एक कार्बन, हायड्रोजन नाही, दोन फ्लोरीन, उरलेल्या दोन जागी क्लोरीन. आर-२२ मध्ये एक क्लोरीन. आर-३२ मध्ये एकही नाही. हा क्लोरीनच ओझोनच्या मुळावर उठला होता. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी ते १९७४ मध्ये कागदावर मांडलं, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट मोजमापांतून समोर आली आणि १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलचा करार झाला. मुलांना सगळ्यात गंमत वाटते ती आर-२९० ची. काढा: तीन कार्बन, आठ हायड्रोजन, शून्य फ्लोरीन. सर्वात हुशार पोरगी ओरडते, "मॅडम, हा तर प्रोपेन!" चारशेच्या घरातले नंबर मात्र या युक्तीत बसत नाहीत. ती मिश्रणं आहेत. आर-४१०ए म्हणजे निम्मा आर-३२, निम्मा आर-१२५.

तर नायट्रोजन. गळती शोधायला तो नळ्यांत ४५० पीएसआयपर्यंत भरला. मला आकडा मोठा वाटला, पण पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा आर-३२ च्या मशीनमध्ये बाहेरच्या बाजूला एवढा किंवा याहून जास्त दाब रोजच असतो. नटांवर साबणाचा फेस लावला, काही नाही. मग गेज तसाच ठेवून काका घरी गेले. संध्याकाळी गच्चीवर ४२ अंश होते, पहाटे ३०. तापमान उतरलं की बंद नळीतला दाबही उतरतो. कागदावर हिशेब केला तर तेवढ्या फरकाने सतरा-अठरा पीएसआय कमी व्हायला हवे होते. सकाळी काटा तीनशेच्याही खाली होता. भोक आहे हे पक्कं झालं.

आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा दाब दिला, तर गळती आतल्या बाजूला निघाली. आतलं युनिट उघडून कॉइल बाहेर काढली आणि थोडा नायट्रोजन भरून धुण्याच्या टबात बुडवली. कॉइलच्या पातळ पत्र्यांमधून बुडबुड्यांची बारीक माळ वर यायला लागली. एक नाही, दोन ठिकाणी. काकांनी बोटाने तांब्याची नळी पुसून दाखवली. काळी ठिक्कर.

"घर नाल्याजवळ आहे ना?"

आहे. नाग नदी म्हणायचं म्हणून म्हणतो, शहरभर वाहतं ते सांडपाणी. खिडकी उघडी असली की वास येतोच. त्या वासात हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो तांब्याला खातो. तांब्याचा काळा सल्फाइड होतो, नळी हळूहळू पोखरते आणि सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं पडतात. एसीची तांब्याची नळी मुळात जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर जाड. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग माझं देवघरातलं चांदीचं निरांजन दर आठवड्याला काळं पडते ते यानंच?" हो, यानंच. चांदीवरही तोच गॅस. म्हणजे पुरावा देवघरात वर्षानुवर्षं पडला होता.

दुकानात एसी विकताना "हंड्रेड पर्सेंट कॉपर" हे मंत्रासारखं म्हणतात आणि एरवी ते चुकीचं नाही. तांबं डागता येतं, दुरुस्त होतं, उष्णता छान वाहून नेतं. पण गटाराच्या हवेपुढे उघडं तांबं टिकत नाही. तिथे लेप दिलेली कॉइल हवी, किंवा मग ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमला या गॅसचं फारसं सोयरसुतक नाही. ही गोष्ट एकाही विक्रेत्याने मला सांगितली नव्हती.

कॉइल वॉरंटीत होती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी झालेल्या फोनाफोनीबद्दल जास्त लिहीत नाही. सार एवढंच की कॉइल फुकट, पण गॅस वॉरंटीत नाही. कॉइल फुटल्याशिवाय गॅस गेला कसा, हे विचारल्यावर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, पॉलिसी आहे." लेप दिलेलीच कॉइल हवी यासाठी वेगळी चिठ्ठी लिहावी लागली. कॉइल येईपर्यंत नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू झाला होता आणि आम्ही सगळे बैठकीत कूलरपुढे चटया टाकून झोपत होतो.

कॉइल बसवताना काकांनी तांब्याच्या नळीची जुनी पसरट तोंडं कापून टाकली आणि नवी केली. जुनं तोंड पुन्हा आवळलं तर वरून घट्ट वाटतं आणि आतून झिरपतं, असं त्यांचं म्हणणं. परत नायट्रोजन, परत रात्रभर. या वेळी काटा तापमानाच्या हिशेबाइतकाच हलला. मला तो आकडा पाहून झालेला आनंद घरात कोणालाच कळला नाही.

त्यानंतर व्हॅक्यूम. हे काम दिसायला काहीच नसतं, पंप नुसता घुरघुरत राहतो, म्हणून बरेच जण टाळतात. थोडा गॅस आत सोडून तेवढ्या जोरावर हवा बाहेर ढकलतात आणि झालं म्हणतात. पण हवा गेली तरी नळीला चिकटलेली ओल जात नाही. ती घालवायची तर दाब इतका उतरवावा लागतो की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जाईल. चांगलं व्हॅक्यूम म्हणजे पाऱ्याचा अर्धा मिलिमीटर दाब. आर-३२ सोबत जे कृत्रिम तेल असतं ते ओल शोषून घेतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि पुढे कंप्रेसरचं वेटोळं जातं. काकांनी पाऊण तासाहून जास्त वेळ पंप चालवला, मग नळ बंद करून चहा घेतला आणि काटा हलतोय का ते पाहत बसले. हलला नाही.

गॅस भरला तो वजनावर. टाकी इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून आकडा शून्य केला आणि ८५० ग्रॅम आत गेल्यावर बंद. पहिला मेकॅनिक गेजवरच्या काट्याने भरणार होता. जुन्या एकाच वेगाने चालणाऱ्या मशीनला ते कसंबसं चालून जायचं, पण आमचा इन्व्हर्टर आहे. त्याचा कंप्रेसर खोलीच्या गरजेप्रमाणे वेग बदलतो, तसा दाबही बदलतो. शिवाय साठचा काटा आर-२२ ला नेहमीचा, आर-३२ ला तो उपासमारीचा. कोणत्या गॅसला किती, हे पाटीवरच लिहिलेलं असतं, पण पाटी वाचायला गच्चीच्या त्या कोपऱ्यात उन्हात वाकावं लागतं.

मी विचारलं, आर-४१०ए असता तर? "मग टाकी उलटी धरायची. द्रवच आत गेला पाहिजे. मिश्रण आहे, वरून वाफ घेतली तर एक जास्त जाईल, एक कमी." बाष्पदाबाचा अख्खा धडा त्यांनी एका वाक्यात उरकला.

बाबांच्या विंडोकडे त्यांनी जाता जाता नजर टाकली. आर-२२ भरून नवे एसी बनवणं देशात २०२५ च्या सुरुवातीपासून बंद आहे. जुन्यांच्या दुरुस्तीपुरता गॅस अजून मिळतो, २०३० नंतर तोही नावापुरताच राहील. एका ओळखीच्याने बाबांना सांगितलं होतं, की लीक झालाच तर सिलिंडरचा गॅस भरून देतो, मस्त थंड होते. थंड होईल यात शंकाच नाही. त्या गॅसातला प्रोपेन उत्तम रेफ्रिजरंट, म्हणजे एसीत फिरवायचा गॅस आहे, तापमानवाढीचा आकडा जेमतेम ३. गोदरेजने २०१२ मध्ये आपल्याच शिरवळच्या कारखान्यातून आर-२९० वर चालणारे स्प्लिट बाजारात आणले. पण ते मशीन प्रोपेनसाठीच बनवलेलं असतं, गॅस मोजका, विजेच्या ठिणग्यांचा बंदोबस्त केलेला. आर-२२ च्या जुन्या डब्यात स्वयंपाकाचा गॅस कोंबणं ही वेगळी गोष्ट. बाबांना मी स्पष्ट सांगितलं, त्या माणसाला चहा पाजा, एसीला हात लावू देऊ नका.

गाडीचं काम त्यामानाने लवकर झालं. इथे एक फरक आहे. घरच्या एसीत मोटर आणि कंप्रेसर एकाच बंद डब्यात असतात. माझ्या गाडीत कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्याचा दांडा सीलमधून बाहेर येतो आणि नळ्याही रबरी. त्यामुळे गाडीतून वर्षानुवर्षं थोडा थोडा गॅस झिरपतो, तेवढं मान्य. माझ्या गाडीचा मात्र एकाच उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त गेला होता. गॅरेजच्या मशीनने उरलेला ओढून मोजला, ४५० पैकी दोनशे दहा ग्रॅम. मग रंगद्रव्य घालून काही दिवस गाडी चालवायला दिली. परत गेले तेव्हा त्या पोराने पिवळा चष्मा लावून निळसर टॉर्च मारली आणि पुढच्या कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) खालच्या कोपऱ्यात पोपटी डाग चमकला. हायवेवरच्या खडीने केलेली करामत. कंडेन्सर बदलला, सोबत ओल शोषणारी पिशवी आणि सीलच्या रिंगा, थोडं तेल, व्हॅक्यूम, आणि मशीननेच मोजून ४५० ग्रॅम.

त्याआधी चौकातल्या एकाने निम्म्या पैशांत डब्यातला गॅस भरून द्यायची तयारी दाखवली होती. डब्यावर नाव आर-१३४ए चंच. पण आत काय, हे डबा सांगत नाही. नकली आर-१३४ए मध्ये मिथाइल क्लोराइड मिसळल्याची उदाहरणं आहेत. ते ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करून हवेत आपोआप पेटणारं द्रव्य तयार करतं. २०११ मध्ये असा गॅस भरलेले शीत-कंटेनर फुटून व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये माणसं मेली. गाडीच्या एसीत ॲल्युमिनियमशिवाय दुसरं असतं काय?

जर्मनीत राहणाऱ्या मावसभावाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "तुमच्याकडे अजून १३४ए?" युरोपात १ जानेवारी २०१७ पासून नव्या गाड्यांत १५० च्या वर आकडा असलेला गॅस चालत नाही आणि १३४ए चा आहे १४३०. त्याच्या गाडीत आर-१२३४वायएफ आहे, आकडा ४ च्या आत, आणि भरण्याचं बिल ऐकून माझी बोलतीच बंद झाली. आपल्याकडेही हे येणार. हवामान तापवणारे असे गॅस कमी करण्यासाठी माँट्रियल करारात झालेल्या किगालीच्या दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. २०२८ ला या गॅसांचा वापर गोठवायचा, २०३२ पासून कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात. काका आणि त्यांच्या मुलासारख्यांना रिकव्हरी मशीन परवडेल असं काही केलं नाही, तर हे आकडे कागदावर कितीही सुंदर दिसोत, गच्चीच्या कोपऱ्यात गॅस सुटतच राहणार.

शेजारच्या घरी त्याच महिन्यात पहिला मेकॅनिक गॅस भरून गेला. अडीच हजार, अर्ध्या तासात काम. "आमचा तर मस्त चालून राहिला," काकू म्हणाल्या, "तू उगाच महिनाभर उकडत बसली." त्यांचंही घर नाल्यालाच लागून. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी मला बोलावून विचारलं, पुन्हा बर्फ दिसून राहिलं, तुझ्या त्या काकांचा नंबर काय? नंबर दिला, आणि एक दिवस मोकळा ठेवा असंही सांगितलं.